दिवाळीतल्या व्हिएतनाम सहलीत मधला टप्पा वगळा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीतल्या व्हिएतनाम सहलींच्या जाहिराती हल्ली रोजच्या अंकात दिसतात. जवळपास प्रत्येक जाहिरातीत तीच यादी असते: हनोई, हा लाँग बे, दा नांग, होई आन, बा ना हिल्स, हो चि मिन्ह सिटी, सात रात्री, आठ दिवस. मे महिन्यात हाच कार्यक्रम, नाताळातही हाच, फक्त तारखा वेगळ्या. या यादीतल्या मधल्या टप्प्याबद्दल, म्हणजे दा नांग आणि होई आनबद्दल, वाचकांना पैसे भरण्याआधी कळावं म्हणून हे पत्र लिहीत आहे.

व्हिएतनाम उत्तर-दक्षिण सुमारे १,६५० किलोमीटर लांब आहे आणि मध्यभागी एके ठिकाणी जेमतेम ५० किलोमीटर रुंद. एवढ्या लांब देशाचं हवामान तीन तुकड्यांत विभागलेलं आहे. ते समजायला मराठी माणसाला अवघड जाऊ नये, कारण सह्याद्री आपल्या दाराशी आहे. आपल्याकडे नैऋत्येचे वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात, डोंगराला अडतात आणि कोकणात कोसळतात. मध्य व्हिएतनाममध्ये समुद्र पूर्वेला आहे आणि त्रुआँग सोनची डोंगररांग पश्चिमेला. त्यामुळे जून ते ऑगस्टमध्ये तो किनारा डोंगराच्या आडोशाला असतो, कडक ऊन आणि तुरळक सरी. ऑक्टोबर उजाडला की वारा ईशान्येकडून वाहू लागतो, समुद्रावरचं बाष्प घेऊन थेट त्या डोंगरावर आदळतो. चेन्नईला ज्या महिन्यांत झोडपून पाऊस पडतो, तेच हे महिने. त्यातच पूर्वेकडच्या समुद्रातली वादळंही या दिवसांत याच पट्ट्यात जमिनीवर येतात.

दा नांगच्या उत्तरेकडच्या ह्यूए शहरात एकट्या ऑक्टोबरात सरासरी ७०० मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पुण्याला साधारण वर्षभरात पडतो तेवढा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पडला होता, तो दिवस मुंबईकर विसरलेले नाहीत. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस ह्यूए आणि दा नांगच्या मधल्या बाख मा शिखरावर २४ तासांत १,७०० मिलीमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला. ह्यूए आणि होई आन दोन्ही पाण्याखाली गेले. त्या वर्षी लक्ष्मीपूजन होऊन आठवडाही झाला नव्हता, आपल्याकडे शाळांच्या सुट्ट्या चालू होत्या. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, २०२७ मध्ये २९ ऑक्टोबरला. दोन्ही तारखा याच पावसात येतात.

होई आनचं जुनं गाव थू बोन नदीच्या अगदी काठावर आहे. कंदिलांचे फोटो जिथे काढतात तो काठावरचा रस्ता सगळ्यात आधी बुडतो. तिथल्या जुन्या व्यापाऱ्यांच्या घरांत गेलात तर दोन गोष्टी नीट बघा. वरच्या मजल्याच्या जमिनीत एक चौकोनी झाकण असतं, पूर चढू लागला की खालचा माल दोरीने वर ओढून घेण्यासाठी. आणि भिंतीवर वेगवेगळ्या वर्षांच्या पुराच्या खुणा असतात, बाजूला वर्ष लिहिलेलं, काही माणसाच्या डोक्याच्याही वर. पिढ्यान् पिढ्या घरं पुराचा हिशेब धरून बांधणाऱ्या गावात नेमके पुराचेच दिवस निवडून तीस-चाळीस जणांचा गट नेण्यात शहाणपण नाही.

दरवर्षी पूर येतोच असं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. दिवाळीत दा नांगला जाऊन कोरडे परतलेले लोक भेटतील. पण पूर आला नाही तरी सलग चार-पाच दिवस रिपरिप, खवळलेला समुद्र आणि पोहायला बंदी हे त्या महिन्यांत नेहमीचंच. बा ना हिल्सवरचा दोन हातांनी उचललेला सोनेरी पूल समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटरवर आहे. पावसाळी दिवसांत तो ढगात असतो. माणशी तीन हजार रुपयांच्या घरातलं तिकीट काढून रोपवेने वर गेलेल्यांना हात दिसत नाहीत आणि खालची दरीही दिसत नाही, आणि धुक्यासाठी तिकिटाचे पैसे कोणी परत देत नाही.

मग दिवाळीत जायचंच असेल तर काय करावं? उत्तर घ्यावी, दक्षिण घ्यावी, मधला भाग सोडावा. हनोईला ऑक्टोबर-नोव्हेंबर हा वर्षातला सगळ्यात सुखाचा काळ असतो: कोरडी हवा, मऊ ऊन, संध्याकाळी पातळ स्वेटर पुरतो. हनोईत दोन-तीन रात्री, हा लाँगला बोटीवर एक रात्र, निन्ह बिन्हला दोन. तिथून विमानाने थेट हो चि मिन्ह सिटी, म्हणजे जुनं सायगाव. तिथे नोव्हेंबरात पाऊस ओसरत असतो, आलाच तर दुपारची तासाभराची सर येऊन जाते. मेकाँग नदीच्या मुखाकडचा प्रदेश आणि युद्धकाळातले कू ची बोगदे पाहून होतात. समुद्रकिनारा हवाच असेल तर फू क्वोक बेट निवडा. ते पश्चिमेच्या बाजूला थायलंडच्या आखातात असल्यामुळे त्याचा पावसाळा आपल्यासारखाच मे ते ऑक्टोबर, आणि नोव्हेंबर ते एप्रिल समुद्र शांत. न्हा त्रांगचा किनारा मात्र दिवाळीत टाळावा, तिथला जोराचा पाऊसही ऑक्टोबर ते डिसेंबरच.

होई आन आणि दा नांग ज्यांना मनापासून पाहायचं आहे, त्यांनी फेब्रुवारी ते एप्रिल धरावा. मेमध्येही चालेल, पण दुपारी पारा ३५ च्या वर जातो. मेची सुट्टी घेणाऱ्यांनी एक तारीख सांभाळावी. १ मेला आपला महाराष्ट्र दिन. तिथे ३० एप्रिल हा १९७५ मध्ये युद्ध संपल्याचा दिवस आणि १ मे कामगार दिन अशी जोडसुट्टी असते. सगळा देश किनाऱ्यांवर उतरतो. दा नांग, न्हा त्रांग, फू क्वोकची हॉटेलं महाग होतात आणि आतल्या विमानांची तिकिटं संपतात. ५-६ मेनंतर निघालात तर हा भार चुकतो. तसंच तेत, म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष. २०२७ मध्ये ते ६ फेब्रुवारीला आहे. त्याच्या आधीचा आठवडा प्रवासाची झुंबड आणि नंतरचे तीन-चार दिवस अनेक दुकानं, खानावळी बंद.

मध्य व्हिएतनामला योग्य महिन्यात जाणाऱ्यांना एक विनंती. यादीत नसलेलं ‘मी सन’ हे ठिकाण पाहून या. होई आनपासून सुमारे ४० किलोमीटरवर चंपा या प्राचीन राज्याच्या राजांनी बांधलेली ही शिवमंदिरं आहेत, चौथ्या शतकापासून पुढे जवळजवळ हजार वर्षं बांधली गेलेली, पक्क्या विटांची. १९९९ पासून ती जागतिक वारशात आहेत. आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे जीर्णोद्धाराचं काम केलं आणि २०२० च्या मे महिन्यात त्या कामात नवव्या शतकातलं वालुकाश्माचं अखंड शिवलिंग सापडलं. सकाळी आठच्या आत पोचावं, दहानंतर विटा तापतात आणि सावली फार थोडी आहे. बा ना हिल्सला पूर्ण दिवस आणि मी सनला शून्य, ही वाटणी आपल्या गटांसाठी कोणी आणि का ठरवली हे कळत नाही.

मधला टप्पा गाळल्याचा आणखी एक फायदा आहे, वेळेचा. आठ दिवसांत तीन शहरं म्हणजे आतली दोन विमानं. हनोई ते दा नांग उड्डाण फक्त सव्वा ते दीड तासाचं, म्हणून कागदावर ते किरकोळ वाटतं. पण हनोईच्या जुन्या भागातून नोई बाय विमानतळ सुमारे ३० किलोमीटर, म्हणजे पाऊण तास. विमानतळावर दोन तास आधी. उतरल्यावर गटाचं सामान मिळून बसमध्ये बसेपर्यंत तास. मग होई आनला आणखी पाऊण तास. पाच-सहा तास गेले. हॉटेल सोडायची आणि नव्या हॉटेलात खोली मिळायची वेळ धरली तर दिवसच गेला. स्वतः तिकिटं काढणाऱ्यांनी जाताना मुंबई-हनोई आणि येताना सायगाव-मुंबई असं काढावं. दोन्ही शहरांना मुंबईहून थेट विमान सुमारे पाच तासांचं आहे, आणि परत हनोईला येण्याचा दिवस वाचतो. आतल्या स्वस्त विमानांत हातातल्या बॅगेची मर्यादा सात किलो असते आणि ती दारात खरोखर वजन करून पाहतात. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानाचे पैसे तिकिटाबरोबरच भरावेत, विमानतळावर त्याचे दर बरेच चढे असतात.

हा लाँगच्या बोटींबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. वादळाचा इशारा किंवा दाट धुकं असेल तर बंदर अधिकारी बोटी सोडत नाहीत, आणि तो निर्णय ऐनवेळी होतो. ७ सप्टेंबर २०२४ ला यागी वादळाने हा किनारा झोडपला. १९ जुलै २०२५ ला अचानक आलेल्या वादळी पावसात पर्यटकांची बोट उलटून अनेक जीव गेले. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धोका कमी असतो, तरी बोट रद्द झाली तर पैसे परत मिळतील की दुसरी जागा दाखवतील, हे आधी लेखी घ्यावं. बोटीवर चढल्यावर लाइफ जॅकेट कुठे आहे ते बघून, घरातल्या ज्येष्ठांना एकदा घालून दाखवावं. आभाळ अंधारून आलं तर खालच्या बंद केबिनमध्ये न बसता उघड्या दाराजवळ यावं.

व्हिसाचं काम सोपं आहे, पण चुका ठरलेल्या आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळतो. एकदा प्रवेशाचे २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचे ५० डॉलर, अर्ज फेटाळला तरी परत मिळत नाहीत. सरकारी संकेतस्थळाच्या नावाच्या शेवटी ‘डॉट गव्ह डॉट व्हीएन’ असतं. तशीच दिसणारी खासगी स्थळं शोधात वर येतात आणि दुप्पट-तिप्पट घेतात. तीन कामाचे दिवस सांगतात, पण शनिवार, रविवार आणि त्यांच्या सुट्ट्या त्यात धरत नाहीत, म्हणून तीन आठवडे हाताशी ठेवावेत. पासपोर्ट निदान सहा महिने चालणारा हवा.

सगळ्यात जास्त गोंधळ नावाचा होतो. आपल्या पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत आणि स्वतःचं नाव व वडिलांचं किंवा पतीचं नाव एकत्र दुसऱ्या ओळीत असतं. अर्जातही तसंच भरायचं. मधलं नाव गाळलं तर व्हिसा आणि पासपोर्ट जुळत नाहीत आणि मुंबईच्या काउंटरवरच विमान कंपनी थांबवते. लग्नानंतर आधार बदललं पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे, अशा वेळी तिकीट आणि व्हिसा दोन्ही पासपोर्टप्रमाणेच. पासपोर्ट क्रमांक टंकल्यावर प्रत्येक अक्षर आणि आकडा बोट ठेवून तपासावा. फोटो चष्म्याशिवाय. व्हिसा ज्या तारखेपासून सुरू होतो त्याच्या एक दिवस आधीही प्रवेश मिळत नाही, म्हणून सुरुवातीची तारीख पोचण्याच्या दोन दिवस आधीची टाकावी. ९० दिवस असताना दोन वाया गेले तरी बिघडत नाही. चूक झालीच तर दुरुस्तीची वाट न बघता नवा अर्ज आणि नवे पैसे, हाच खात्रीचा मार्ग.

कंबोडियातलं अंगकोर वाट जोडून घेणाऱ्यांनी एक गोष्ट नीट वाचावी. हनोई, सायगाव, मग सिएम रीप आणि परत सायगावहून मुंबई असा मार्ग असेल तर सायगावला दुसऱ्यांदा प्रवेश होतो. एकदा प्रवेशाचा व्हिसा पहिल्याच वेळी संपलेला असतो. इथे ५० डॉलरचाच घ्यावा, किंवा सिएम रीपहून व्हिएतनामात पुन्हा पाऊल न ठेवता परतावं. फक्त फू क्वोकला जाणाऱ्यांना, परदेशातून थेट बेटावर उतरलं तर, ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. मात्र तिथून पुढे मुख्य भूमीवर जायचं असेल तर व्हिसा लागतोच.

तिथलं चलन डाँग, त्यातल्या शून्यांची सवय व्हायला एक दिवस लागतो. शेवटची तीन शून्यं बोटाने झाका आणि उरलेल्या आकड्याला ढोबळमानाने साडेतीनने गुणा: ६० हजार डाँगचा नूडल्सचा वाडगा म्हणजे साधारण २१० रुपये. दर हलतो, पण बाजारात एवढा अंदाज पुरतो. खरा घोटाळा नोटांच्या रंगात आहे. २० हजारांची आणि ५ लाखांची, दोन्ही नोटा निळसर, दोन्ही प्लास्टिकच्या, दोन्हीवर पुढे हो चि मिन्ह यांचाच चेहरा. एकीची किंमत सत्तर रुपये, दुसरीची सतराशेच्या आसपास. रात्री टॅक्सीत घाईघाईत ७० रुपयांऐवजी सतराशे जातात. मागची बाजू पाहायची सवय लावा: २० हजारांच्या नोटेवर होई आनचा छप्पर असलेला जपानी पूल आहे, ५ लाखांच्या नोटेवर झाडांमधलं हो चि मिन्ह यांचं गावाकडचं घर. ५ लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यातच ठेवाव्यात. डॉलर नेताना कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा न्याव्यात, फाटकी किंवा पेनाने लिहिलेली नोट घेत नाहीत किंवा कमी दराने घेतात.

शाकाहारींची काळजी अनाठायी नाही, पण उपाय हातात आहे. नुसतं ‘मांस नको’ सांगितलं तर भाजीवर माशांपासून केलेला नुओक माम पडतोच; तो तिथे आपल्या मिठासारखा वापरतात. म्हणून ‘आन चाय’ म्हणावं, म्हणजे शाकाहारी खातो. त्यांचं ‘चाय’ म्हणजे शाकाहार, चहाला ते ‘चा’ म्हणतात, हे लक्षात ठेवलं की हसं होत नाही. पाटीवर ‘कॉम चाय’ लिहिलेली खानावळ म्हणजे शाकाहारी भाताचं जेवण. बौद्ध पद्धतीच्या या खानावळींत बऱ्याचदा कांदा-लसूणही नसतो. जैन मंडळींनी मात्र कंदमुळांचं वेगळं विचारावं. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला अनेक व्हिएतनामी कुटुंबं मांसाहार करत नाहीत. दिवाळीत गेलात तर लक्ष्मीपूजनाच्या आसपासच तिथली पहिली तिथी येते, त्या दिवशी या खानावळी भरलेल्या आणि पदार्थ ताजे असतात. रोज रात्री भारतीय जेवणासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला बस नेण्यात दीड-दोन तास जातात. दोन रात्री कॉम चायला द्याव्यात, ज्येष्ठांनाही मऊ भात, टोफू, भाज्यांचं सूप सोसतं.

विमा तिकिटाच्या दिवशीच काढावा. वादळाचं नाव जाहीर झाल्यावर काढलेल्या पॉलिसीत त्या वादळाची भरपाई सहसा नसते. भाड्याने स्कूटर घ्यायचा मोह होतो. परवाना तिथे ग्राह्य नसेल तर अपघाताचा दावा विमा कंपनी नाकारू शकते, तेव्हा आपला आंतरराष्ट्रीय परवाना त्यांना चालतो का हे कंपनीकडून लेखी मिळेपर्यंत स्कूटर नको. ॲपवरची टॅक्सी स्वस्त आहे आणि भाडं आधीच दिसतं.

सहल कंपन्यांना एवढंच मागणं आहे की दिवाळीच्या कार्यक्रमात दा नांग-होई आन ठेवायचंच असेल तर पूर आल्यास गट कुठे नेणार, जादा रात्रीचा खर्च कोण देणार आणि बा ना हिल्स बंद असल्यास किती पैसे परत, हे तीन मुद्दे पावतीवर छापावेत. वाचकांनीही पैसे भरताना तेच विचारावं. आणि आपल्या पर्यटन पुरवणीत प्रत्येक देशाच्या लेखाबरोबर कोणत्या महिन्यात कोणता भाग पाहावा, याची एक छोटी चौकट छापली तर दिवाळीआधी ती अनेक घरांत कापून ठेवली जाईल.

आपली,
एक नियमित वाचक, डोंबिवली